एमएस आहे आणि उजव्या गालात सणक जाते, शिवाय डोकंही दुखतं: हे दाढेचं की नसेचं?

निळीशाई

नमस्कार सगळ्यांना. मला एमएस आहे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार), रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे मधूनमधून उसळी (रिलॅप्स) येऊन परत दबणारा, निदान होऊन बरीच वर्षं झाली आणि मधला काळ खरंच चांगला गेला, चालणं ठीक, थकवा असतो पण तो आता अंगवळणी पडलाय. गेले काही महिने मात्र एक नवीनच सुरू झालंय आणि त्याने जीव नकोसा झालाय म्हणून विचारतेय.

उजव्या गालात, वरच्या दाढेपासून नाकपुडीपर्यंत अशी सणक जाते की हातातलं काम तिथेच राहतं. करंट बसावा तशी. एखाददोन सेकंद, की गायब. मग थोड्या वेळाने परत, कधी एकामागोमाग एक अशी रांगच लागते. सुळ्याच्या वर हिरडीवर एक बारीकशी जागा आहे, ब्रश तिथे टेकला की संपलंच, बाकी सगळीकडे कितीही घासा काही होत नाही. तोंड धुताना होतं, पंख्याचा वारा गालावर आला तरी होतं, आणि कधीकधी नुसतं बोलताना, प किंवा म म्हणायला ओठ मिटले की सणक. त्यामुळे मी बोलणंच कमी केलंय आणि घरच्यांना वाटतं मी रागावलेय.

डेंटिस्टकडे गेले, रूट कॅनाल झालं, दुखणं होतं तस्संच. आता ते म्हणतात शेजारची दाढ काढून बघू. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसत नाही हेही त्यांनीच सांगितलं. पेनकिलरचा शून्य उपयोग.

दुसरं म्हणजे डोकेदुखी. ती वेगळी वाटते, अर्धं डोकं, ठणके मारतात, मळमळतं, उजेड नको वाटतो, तासन्‌तास चालते. ही कॉलेजपासून आहे पण आता इतकी वाढलीय की बहुतेक रोजच एक गोळी पोटात जाते.

तर हे एमएसमुळे आहे का? रिलॅप्स समजायचा का? दोन्ही एकच आहे का वेगवेगळं? आणि दाढ काढू का नको? न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट अजून लांब आहे. कोणाला असं झालं असेल तर प्लीज सांगा.

पाऊलवाट

ताई, सगळ्यात आधी एकच सांगते, दाढ आत्ता काढू नका. बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला कारण मला अगदी हेच आहे, एमएस आणि ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेच्या कळा) दोन्ही, फक्त माझं डाव्या बाजूला आणि खालच्या जबड्यात. ती बारीकशी जागा, तिथे नुसता स्पर्श झाला की कळ आणि जोरात दाबलं तर उलट तेवढं काही नाही, ही या दुखण्याची अगदी खास खूण आहे, डॉक्टर तिला ट्रिगर झोन म्हणतात. किडलेली दाढ अशी वागत नाही. ती ठणकत राहते, गरम-थंड लागलं की झिणझिणते आणि ते थोडा वेळ टिकतं, रात्री झोपू देत नाही, चावलं की दुखते. ही कळ सेकंदात येते सेकंदात जाते आणि मधल्या वेळात माणूस अगदी ठीक असतो, म्हणूनच समोरच्याला खरं वाटत नाही. आणि बहुतेकांना झोपेत त्रास कमी असतो.

या आजारात चांगले दात गमावलेली माणसं खूप आहेत. यात डेंटिस्टची चूक आहे असंही मी म्हणणार नाही, पेशंट दाढेवरच बोट ठेवतो आणि नस तीच आहे जी दातांना जाते, मग त्यांनी तरी काय समजावं. पण एक्स-रे साफ आहे, रूट कॅनालने काडीचा फरक नाही आणि एमएस आहे, एवढं तिन्ही एकत्र असताना दुसरी दाढ काढणं मला तरी पटत नाही. त्यांना स्पष्ट सांगा की मला एमएस आहे आणि न्यूरॉलॉजिस्टने बघेपर्यंत थांबूया. काढलेली दाढ परत येत नाही.

आणि अपॉइंटमेंट लांब आहे म्हणून गप्प बसू नका. फोन करा आणि "चेहऱ्यावर करंटसारख्या कळा येतायत, खाणं-बोलणं अवघड झालंय" या शब्दांत सांगा. नुसतं "चेहरा दुखतो" म्हटलं की तुम्हाला रांगेत मागे टाकतात.

वॉर्डसिस्टर

मी न्यूरॉलॉजी वॉर्डला नर्स आहे, डॉक्टर नाही, तेव्हा निदान तुमचे डॉक्टरच करतील, पण हे पेशंट रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी. तिच्या तीन फांद्या, एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल-वरचा जबडा-नाकाच्या कडेला, तिसरी खालच्या जबड्याला. कळा बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीत येतात, ताईंचं वर्णन सरळ दुसऱ्या फांदीचं वाटतं. ही नस मेंदूच्या बुंध्यात, पॉन्स नावाचा भाग आहे, तिथे शिरते. ज्यांना एमएस नाही त्यांच्यात बहुतेकदा तिथेच एखादी रक्तवाहिनी नसेला टेकून घासत असते. एमएसमध्ये त्याच ठिकाणी प्लाक म्हणजे डाग होतो, नसेवरचं मायलिनचं आवरण जातं. वायरवरचं प्लॅस्टिक सोललं की शेजारच्या वायरला करंट जातो ना तसं, हलक्या स्पर्शाचा सिग्नल शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो. म्हणून वाऱ्याची झुळूक सुरीसारखी लागते. तुमचं मन कमकुवत आहे, टेन्शन घेता, असं कोणी म्हणत असेल तर त्यांना हे वाचायला द्या. काही एमएस पेशंटमध्ये प्लाकही असतो आणि रक्तवाहिनीही टेकलेली असते, म्हणून एमआरआय नुसता मेंदूचा नको, ट्रायजेमिनल नसेवरून बारीक स्लाइस घेतलेला हवा. हे डॉक्टर लिहून देतातच पण तुम्ही आठवण केलीत तर काही बिघडत नाही.

किती जणांना होतं? एमएस असलेल्यांपैकी साधारण २ ते ५ टक्के. बाकीच्या लोकांच्या तुलनेत हा धोका जवळजवळ २० पट धरतात. नवीन शोध नाही हा, हर्मन ओपनहाइम या जर्मन न्यूरॉलॉजिस्टने एमएस आणि या कळांचा संबंध १९११ मध्येच दाखवला होता. एमएसवाल्यांना हे तुलनेने कमी वयात होतं आणि दोन्ही बाजूंना होण्याचं प्रमाणही जास्त. उलटही खरं आहे, चाळिशीच्या आतल्या माणसाला किंवा दोन्ही गालांना असा त्रास सुरू झाला तर डॉक्टर एमएस आहे का ते बघतात.

रिलॅप्स का, याचं उत्तर एका शब्दात नाही. एकेक कळ सेकंदाची असली तरी असे झटके नव्याने सुरू होऊन २४ तासांपेक्षा जास्त काळ येतच राहिले, तर तो रिलॅप्स असू शकतो आणि मग स्टेरॉइडचा विचार होतो. पण महिनोन्‌महिने चाललेलं असेल तर बहुतेक वेळा ते जुन्या डागामुळे असतं आणि उपचार कळांवर करायचा असतो. याचा अर्थ एमएस झपाट्याने वाढतोय असा लगेच काढू नका.

पेनकिलर चालत नाही याचं कारण हेच. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन सोडा, मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्यासुद्धा इथे फारशा कामाच्या नाहीत. नसेचा चुकीचा करंट दाबणारं औषध लागतं, म्हणजे फिट्सवरची औषधं. कार्बामाझेपिन पहिलं, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या दुखण्यावर वापरतात, किंवा त्याचं भावंड ऑक्सकार्बाझेपिन. त्याचा गुण येणं हीसुद्धा निदानाला मदतच असते.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट ताई, तुम्ही सांगितलेत त्याच शब्दांत फोन केला आणि लवकरची वेळ मिळाली. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच म्हणाले. एमआरआय सांगितलाय, कार्बामाझेपिन सुरू केलंय. रक्त तपासूनच गोळी चालू केली. दाढ वाचली.

फरक आहे, खोटं बोलणार नाही, काल पूर्ण जेवले. पण गोळी घेतली की झोकांड्या जातात, डोळ्यांसमोर दोनदोन दिसतं, पाय जड. माझा एमएस नेमका असाच सुरू झाला होता म्हणून पोटात गोळा येतो. हे गोळीचं का रिलॅप्सचं कसं ओळखायचं? आणि हे किती दिवस घ्यायचं असतं?

वॉर्डसिस्टर

हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे की प्रत्येक एमएस पेशंटने कार्बामाझेपिन सुरू करताना विचारायला हवा. हे औषध गुंगी, चक्कर, तोल जाणं, दोनदोन दिसणं हे सगळं करू शकतं आणि एमएस असलेल्यांना ते इतरांपेक्षा कमी डोसमध्येच बाधतं कारण तोल आणि ताकद आधीच काठावर असते. त्यामुळे हुबेहूब रिलॅप्ससारखं चित्र दिसतं आणि कधीकधी विनाकारण स्टेरॉइड दिले जातात. ओळखायचं असं की त्रास गोळीच्या वेळेशी बांधलेला आहे का. गोळीनंतर तासा-दोन तासांत वाढतो आणि पुढच्या गोळीच्या आधी उतरतो, किंवा डोस वाढवला त्याच दिवसापासून सुरू झाला, तर संशय गोळीवर. दिवसभर, गोळीचा संबंध न ठेवता, वाढतच चाललाय तर लगेच कळवा. दोन्हीत अंदाजाने बसू नका, फोन करा, कारण यावर उपाय आहेत. डोस अगदी हळू चढवणं, दिवसाचा डोस जास्त वेळा विभागणं, हळूहळू सुटणारी गोळी देणं. तरी झेपत नसेल तर लॅमोट्रिजिन, बॅक्लोफेन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन ही आहेत, किंवा कार्बामाझेपिन थोडं आणि जोडीला दुसरं थोडं. ज्यांच्या पायात ताठरपणा आहे त्यांना बॅक्लोफेन दोन्ही बाजूंनी कामाला येतं.

पण मनाने अचानक बंद करायचं नाही. कळा दुप्पट जोराने येतात आणि फिटही येऊ शकते.

रक्ताचं म्हणाल तर सोडियम बघत राहा, कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन या दोन्ही औषधांनी ते उतरतं, ऑक्सकार्बाझेपिनने जास्त. सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळ, गोंधळल्यासारखं होतं, आणि तुम्हाला मुळातच डोकेदुखी असल्याने ते लक्षातही येणार नाही. लिव्हर आणि पेशींची मोजणीही बघतात. एचएलए-बी १५०२ नावाची एक जनुकीय तपासणी आहे, आशियाई वंशाच्या लोकांत ती आधी करणं चांगलं कारण ते जनुक असलेल्यांना या औषधाने त्वचेची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येण्याचा धोका असतो. तुमची झालीय का विचारून घ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल. हा एकच प्रसंग जिथे थांबून विचारायची गरज नाही. याच प्रसंगी अचानक बंद करायचं असतं, आणि पुढचं काय ते डॉक्टर तिथेच ठरवतात.

आणखी एक, हे औषध लिव्हरला दुसरी औषधं लवकर फोडायला लावतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा त्यामुळे कमी होतो आणि एमएसच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही घटतं. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी सांगा, गर्भाला ही औषधं त्रासदायक ठरू शकतात.

किती दिवस, तर हे दुखणं लाटांनी येतं. काही आठवडे-महिने भडकतं मग आपोआप दबतं, कधी बराच काळ. कळा पूर्ण थांबल्या की काही आठवडे थांबून डॉक्टर डोस हळूहळू उतरवून बघतात. एमएसमध्ये मात्र मधली विश्रांती कमी असते असं आमचा अनुभव सांगतो.

सोबती

नमस्कार. माझ्या बायकोला एमएस आणि हे दुखणं दोन्ही आहे, मी तिची काळजी घेतो, म्हणून घरातल्या माणसाच्या बाजूने लिहितो.

खाणं हीच मोठी लढाई असते. तिचं वजन इतकं उतरलं की कपडे सैल झाले आणि आम्ही भूक नाही म्हणून टॉनिक आणत बसलो, भूक होती, ती घाबरत होती. नंतर डॉक्टरांना विचारून आम्ही गोळीची वेळ जेवणाच्या आधी आणली, गोळी लागू झाली की ताट. अन्न कोमट, मऊ, छोटे घास, दुखऱ्या बाजूने चावायचं नाही. दातही त्याच वेळात घासायचे, लहान मुलांचा मऊ ब्रश, कोमट पाणी, दुखरी जागा शेवटी. बाहेर पडताना गालावरून स्कार्फ. तिच्या उशीची बाजू बदलली. आणि मी एक शिकलो, ती जेवताना प्रश्न विचारायचे नाहीत. आम्ही बोटांच्या खुणा ठरवल्यात, एक बोट म्हणजे कळ येऊन गेली, मुठ म्हणजे रांग लागलीय, थांब. निळीशाई ताई, घरच्यांना वाटतं तुम्ही रागावलाय असं लिहिलंत ना, त्यांना अशी काही खूण द्या. माणूस मदत करायला तयार असतो, कधी काय करायचं तेच कळत नाही.

गोळ्यांनी भागेना तेव्हा आम्हाला ऑपरेशनबद्दल सांगितलं. ज्यांना एमएस नाही त्यांच्यात कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यात छोटी गादी ठेवतात, मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन म्हणतात, ते चांगलं टिकतं. एमएसमध्ये दोष नसेच्या आतच असल्याने त्याचा गुण कमी येतो आणि दुखणं परत येण्याचं प्रमाण जास्त, रक्तवाहिनी स्पष्ट दाबत असेल तरच विचार करतात. त्याऐवजी गालातून सुई घालून नसेच्या गाठीपर्यंत जातात आणि उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा छोट्या फुग्याने ती थोडी बधीर करतात. हिचा फुग्याचा उपाय झाला. शुद्धीवर आल्यावर तिने स्वतःच्या गालाला हात लावला आणि तसाच ठेवला. मी ते विसरणार नाही. गाल अजून थोडा बधीर आहे, त्या बाजूला खाताना काही अडकलं तर कळत नाही, पण ती म्हणते हे चालेल. त्रास काही वर्षांनी परत येऊ शकतो आणि उपाय परत करता येतो असं आधीच सांगितलं होतं. गॅमा नाइफ म्हणजे किरणांचाही मार्ग आहे, त्यात चिरफाड नाही पण गुण यायला आठवडे ते महिने लागतात, आम्हाला तेवढा धीर नव्हता. एक विचारून घ्या, डोळ्याची फांदी बधीर झाली तर बुबुळाला कचरा गेलेला कळत नाही आणि डोळा धोक्यात येतो, आणि क्वचित बधीर झालेल्या भागातच कायमची वेदना राहते. सर्जन हे सांगतात पण त्या दिवशी डोकं चालत नाही म्हणून लिहून न्या.

कंदिल

डोकेदुखीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी लिहिते. मला एमएस आहे आणि अर्धशिशी त्याच्या कितीतरी आधीपासून.

तुमचं वर्णन मायग्रेनचं आहे, एक बाजू, ठणके, मळमळ, उजेड नको, तासन्‌तास. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाशी याची गल्लत व्हायलाच नको कारण एक सेकंदांचं आणि दुसरं तासांचं. मायग्रेन जगात साधारण सातातल्या एकाला असतं, म्हणजे एमएस असलेल्या कितीतरी जणींना ते असणारच, आणि एमएसवाल्यांत त्याचं प्रमाण जरा जास्तच आढळतं. त्यामुळे प्रत्येक डोकेदुखीचा दोष एमएसला देऊ नका आणि उलट एमएस आहे म्हणून डोकेदुखी सहन करायची असंही नाही, तिच्यावर वेगळे, चांगले उपचार आहेत.

मला तुमच्या पोस्टमध्ये खटकलं ते रोजची गोळी. साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. आणि तुम्ही कदाचित गालाच्या कळेसाठी घेतलेल्या गोळ्यांनी हा आकडा पार केला असेल, त्या कळेला तर त्यांचा उपयोगच नव्हता. कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा, एक गालासाठी एक डोक्यासाठी, आणि घेतलेली प्रत्येक गोळी लिहा. डॉक्टरांना दोन मिनिटांत सगळं कळतं.

दुसरं, एमएसचं औषध कोणतं चालू आहे? इंटरफेरॉन बीटाच्या इंजेक्शननंतर काही तासांनी फ्लूसारखं अंग आणि डोकं दुखतं, ते रात्री झोपताना घेऊन आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सोबत घेऊन बरंच आटोक्यात येतं. फिंगोलिमोडच्या दुष्परिणामांतही डोकेदुखी आहे. मोठ्या डोसच्या स्टेरॉइडनेही डोकं दुखतं आणि झोप उडते ती वेगळीच. डोकेदुखी औषध बदलल्यावर वाढली का ते आठवा. मानेच्या वरच्या मणक्यांजवळ डाग असेल तर मानेतून डोक्याच्या मागे अशीच सणक जाते, तेही सांगा.

मायग्रेन रोखायची औषधं निवडतानाही एमएस आहे हे समोरच्याच्या लक्षात असू द्या. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने झोप चांगली येते पण लघवी अडकण्याचा आणि बद्धकोष्ठतेचा त्रास आधीच असेल तर वाढतो. टोपिरामेटने हातापायांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, मी ते घेत असताना रोज वाटायचं की रिलॅप्स आला. मुंग्या औषधाच्या आहेत हे आधी कोणी सांगितलं असतं तर किती रात्री शांत झोपले असते.

आणि ऑरा, म्हणजे डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा किंवा हाताला चढत जाणाऱ्या मुंग्या, या साधारण ५ मिनिटांपासून तासाभरात हळूहळू पसरतात आणि जातात. रिलॅप्सची लक्षणं २४ तासांपेक्षा जास्त टिकतात. हा फरक मला सगळ्यात उपयोगी पडला.

निळीशाई

कंदिल ताई, गोळ्यांचा आकडा खरंच पार झालाय, तुमच्यामुळे मोजला. सोबती दादा, खुणेची गोष्ट आज घरी वाचून दाखवली, सगळे गप्प बसले होते.

एकच राहिलं. डोळ्याच्या मागे दुखलं तर ते कशात धरायचं? दोन वर्षांपूर्वी एकदा झालं होतं, डोळा हलवला की दुखायचं. आणि कशासाठी लगेच धावायचं हेही कोणीतरी एकदा सरळ सांगा.

वॉर्डसिस्टर

डोळा हलवल्यावर आत दुखणं आणि पुढच्या काही दिवसांत नजर धूसर होणं ही ऑप्टिक न्यूरायटिसची पक्की खूण, म्हणजे डोळ्याच्या नसेला आलेली सूज, एमएसमध्ये नेहमी दिसणारी. एक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू बघा, मग दुसरा. एका डोळ्याला तोच लाल फिका, विटका दिसला तर त्याच दिवशी कळवा. मायग्रेनमध्ये डोळ्यामागे दुखतं पण लाल रंग असा फिका पडत नाही. तेव्हाचं ते लिहून ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टला सांगा, नोंद झाली नसेल तर महत्त्वाची आहे.

धावायचं केव्हा. डोकेदुखी एका मिनिटाच्या आत शिगेला गेली, आयुष्यात कधी नव्हती इतकी. ताप आणि मान आखडलेली, त्यातून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर अजिबात थांबायचं नाही. फिट आली, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली. कमरेतून पाणी काढल्यानंतर बसलं-उठलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, हे बरेचदा त्या सुईमुळेच असतं आणि बरं होतं पण कळवायचं, आणि आडवं होऊनही थांबेनासं झालं तर तातडीने, मेंदूच्या शिरेत गुठळी झाली नाही ना ते बघावं लागतं.

चेहऱ्याचं म्हणाल तर दोन गोष्टी. गाल किंवा कपाळ एकाच बाजूला आग-आग होतंय आणि दोन-चार दिवसांत पाण्याचे बारीक फोड आले तर ती नागीण. फोड येण्याआधीच दुखायला लागतं म्हणून सुरुवातीला सगळे फसतात. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका, पहिल्या ७२ तासांत औषध मिळालं तर फार फरक पडतो. आणि दुसरं, कळा इतक्या सलग येतायत की पाणीसुद्धा गिळता येत नाही, गोळी घेता येत नाही. तेव्हा घरी दात-ओठ खाऊन बसू नका. अ‍ॅडमिट करून सलाइन आणि शिरेतून औषध देऊन ही रांग मोडता येते, आम्ही करतो. आणि असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं असा विचार मनात आला तर तोही त्याच वेळी मोठ्याने सांगा. इतक्या वेदनेत तो भल्याभल्यांच्या मनात येतो, आणि वेदना आटोक्यात आली की बहुतेकांचा जातो.

पाऊलवाट

ताई, एमआरआयला जाण्याआधी एक. मशीनमध्ये डोकं हलू नये म्हणून पिंजऱ्यासारखी कॉइल चेहऱ्यावरून लावतात आणि डोक्याच्या बाजूने स्पंज खोचतात. तो स्पंज तुमच्या उजव्या गालाला लागणार. टेक्निशियनला आत जायच्या आधीच ती जागा बोटाने लांबून दाखवा आणि आत हवेचा पंखा असतो तो बंद ठेवायला सांगा. गोळीची वेळही स्कॅनच्या आधी येईल अशी डॉक्टरांना विचारून बसवा. मला हे दुसऱ्या वेळी सुचलं आणि सगळा स्कॅन एकदाही न थांबवता झाला.

डेंटिस्टकडे मात्र जात राहा, दुखतं म्हणून ती बाजू घासली नाही की खरोखरची कीड लागते. कळा दबलेल्या असतील त्या काळात वेळ घ्या, आणि त्यांच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहायला सांगा की उजव्या बाजूला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे.